चाळीस पट्ट्या, त्यातली एक सापडली नाही: रक्तस्राव थांबवणाऱ्या साधनांचा रिकॉल कसा हाताळायचा

शनिवारी दुपारी पावणेतीनला डीलरच्या माणसाचा व्हॉट्सॲप आला. एक पीडीएफ आणि खाली ओळ, 'मॅडम, घाई नाही, सोमवारी बघितलंत तरी चालेल.' पीडीएफ चार पानांचं होतं. रक्त थांबवायला जखमेत भरतात त्या औषधी पट्टीच्या काही लॉटमध्ये (लॉट म्हणजे एका वेळी बनवलेला माल) पाकिटाचं सील सुटू शकतं, म्हणजे पट्टी निर्जंतुक राहिली असेलच याची खात्री नाही, वापर थांबवा आणि माल परत करा, असा मजकूर. म्हणजे रिकॉल. खाली लॉट नंबरांची यादी. पत्रावरची तारीख तीन आठवड्यांपूर्वीची.

मी ठाण्याच्या नौपाड्यातल्या एका तीस खाटांच्या हॉस्पिटलचं स्टोअर सांभाळते. त्या पट्ट्या आम्ही दोन खेपांत मिळून चाळीस घेतल्या होत्या. स्टोअरच्या कपाटात तेरा होत्या. बिलिंगमध्ये शोधलं तर एकोणीस रुग्णांच्या बिलात लागलेल्या दिसल्या. तेरा आणि एकोणीस बत्तीस. उरलेल्या आठ कुठे?

त्या आठांनी मला जे शिकवलं ते खाली लिहिते आहे. छोटी हॉस्पिटलं, नर्सिंग होम, डायलिसिस सेंटर, दिवसाआड ऑपरेशन होणारे क्लिनिक यांतल्या स्टोअरच्या, ओटीच्या (ऑपरेशन थिएटरच्या) आणि वॉर्डच्या माणसांसाठी हे आहे. मोठ्या हॉस्पिटलांत बायोमेडिकल विभाग असतो, त्यांचं त्यांना ठाऊक. घरी किंवा सोसायटीत प्रथमोपचार पेटी ठेवणाऱ्यांसाठी शेवटी थोडं आहे.

आधी, या वस्तू कुठे कुठे असतात ते लिहून काढा

हे काम रिकॉल यायच्या आधीचं आहे आणि तेच सगळ्यात जास्त उपयोगी पडतं. सलाइन किंवा सिरिंजचा रिकॉल आला तर स्टोअर बघितलं की बहुतेक काम होतं. रक्त थांबवायच्या वस्तूंचं तसं नाही. त्या कुणालाच स्टोअरमध्ये ठेवायला आवडत नाहीत. रक्त वाहायला लागल्यावर जिना उतरून इंडेंट, म्हणजे मागणीची चिठ्ठी, द्यायला वेळ कुणाकडे असतो? म्हणून प्रत्येक जण आपल्या हाताशी दोन ठेवतो. स्टोअरच्या हिशेबाने ती वस्तू 'दिली', म्हणजे संपली. प्रत्यक्षात ती ड्रॉवरमध्ये वर्षभर पडून असते.

आमच्याकडे निघालेली ठिकाणं अशी: कॅज्युअल्टीतला ड्रेसिंगचा ड्रॉवर, क्रॅश कार्टचा (तातडीच्या औषधांच्या गाडीचा) खालचा कप्पा, ओटीतलं कपाट, भूलतज्ज्ञांची पेटी, लेबर रूममधला बाळंतपणानंतरच्या रक्तस्रावासाठी तयार ठेवलेला ट्रे, एंडोस्कोपीची खोली, डायलिसिसच्या सिस्टरांचा ट्रे (फिस्टुलातून, म्हणजे डायलिसिससाठी हातात जोडलेल्या रक्तवाहिनीतून, सुई काढल्यावर रक्त थांबेना तर लागतं म्हणून), ॲम्ब्युलन्स. आणि मला कधीच सुचलं नसतं असं एक ठिकाण म्हणजे व्हिजिटिंग सर्जनची स्वतःची बॅग. आमच्याकडे येणारे सर्जन सकाळी ठाण्यात, दुपारी डोंबिवलीत आणि संध्याकाळी कळव्याला असतात. 'असू दे एक' म्हणून उचललेलं पाकीट त्यांच्याबरोबर मध्य रेल्वेच्या तीन स्टेशनांत फिरत असतं.

वस्तूंची यादीही मोठी असते. विरघळणारा स्पंज आणि जाळी, म्हणजे आपण बोलताना म्हणतो ते जेलफोम आणि सर्जिसेल. टायटॅनियमच्या आणि प्लास्टिकच्या क्लिपा. स्टेपलर आणि त्याची कार्ट्रिज. रक्तवाहिन्या जाळून बंद करणारी कॉटरीची उपकरणं. ऑर्थोच्या ऑपरेशनला लागणारं हवेचं टूर्निके (हातपाय आवळून रक्त अडवणारा पट्टा) आणि त्याचं मशीन. अँजिओग्राफीनंतर मनगटाला बांधतात तो हवेचा पट्टा. अन्ननलिकेतल्या फुगलेल्या शिरांना लावायचे बँड. गर्भाशयात फुगवायचा बलून. एका कागदावर आडव्या ओळीत वस्तू आणि उभ्या ओळीत जागा लिहा आणि तो कागद स्टोअरच्या दाराच्या आतल्या बाजूला लावा.

नोटीस आली: आधी खरी का, मग नेमकं काय सांगते

फॉरवर्ड होत आलेल्या पीडीएफवर लगेच विश्वास ठेवू नका, लगेच उडवूनही लावू नका. कंपनीला किंवा आयातदाराला फोन करा, पण नंबर पीडीएफवरचा घेऊ नका. जुन्या बिलावर किंवा खोक्याच्या लेबलवर आहे तो घ्या. आयात मालाच्या खोक्यावर भारतातल्या आयातदाराचं नाव, पत्ता आणि आयात परवान्याचा नंबर असलेलं स्टिकर असतं, तिथून धागा सापडतो. केंद्रीय औषध नियंत्रण संस्था, म्हणजे सीडीएससीओ, तिच्या संकेतस्थळावर सूचना लागतात. अमेरिकेच्या एफडीएचं आणि ब्रिटनच्या एमएचआरएचं रिकॉलचं पान कुणालाही बघता येतं. दर सोमवारी सकाळी चहाबरोबर दहा मिनिटं मी ही तीन पानं बघते.

इथे एक नेहमीचा घोळ. 'एफडीएने रिकॉल केलंय' असं कुणी म्हणालं की आधी विचारायचं, कुठल्या? वांद्र्याच्या की अमेरिकेच्या? आपल्याकडे एफडीए म्हणजे राज्याचं अन्न व औषध प्रशासन, ठाणेकरांसाठी त्याचं ऑफिस वागळे इस्टेटला. परदेशातल्या नोटिशीत देशांच्या यादीत भारत नसला तरी फाइल बंद करू नका. कुणीतरी बाहेरून आणलेला माल आपल्याकडे नाही ना, हे खोक्यावर भारतीय आयातदाराचं स्टिकर आहे का एवढं बघून कळतं. स्टिकर नसेल तर तो वेगळाच आणि जास्त गंभीर प्रश्न आहे.

दुसरा घोळ वर्गांचा. अमेरिकेत रिकॉलचा पहिला वर्ग म्हणजे सगळ्यात धोकादायक, जीव जाण्याची किंवा गंभीर इजेची शक्यता. तिसरा वर्ग सगळ्यात सौम्य. पण उपकरणांचे वर्ग तिथे उलटे आहेत. पहिल्या वर्गातलं उपकरण सगळ्यात कमी जोखमीचं. शरीराच्या आत वापरायचे स्टेपलर २०२१ पर्यंत तिथे कमी जोखमीच्या पहिल्या वर्गात होते, आणि २०१९ मध्ये एथिकॉन कंपनीने टाके नीट बसत नाहीत म्हणून गोलाकार स्टेपलर परत मागवले तेव्हा तो रिकॉल मात्र सर्वोच्च धोक्याच्या पहिल्या वर्गातला होता. आपल्याकडे तर वैद्यकीय उपकरण नियम २०१७ प्रमाणे ए, बी, सी, डी असे उपकरणांचे वर्ग, ए सगळ्यात सौम्य. नोटिशीत 'क्लास' दिसला की कुणाचा आणि कशाचा, हे पेन्सिलीने बाजूला लिहा.

तिसरी गोष्ट अशी की 'रिकॉल' म्हणजे दर वेळी 'परत करा' असं नसतं. कधी वस्तू जागेवरच राहते आणि सूचना बदलते. प्लास्टिकच्या लॉक होणाऱ्या हेम-ओ-लोक क्लिपांचं बघा. जिवंत दात्याची किडनी दुर्बिणीने काढताना किडनीच्या धमनीला त्या लावू नयेत, अशी मनाई २००६ मध्ये सूचनांत घातली गेली. क्लिप बाजारात राहिली, बाकी ऑपरेशनांत चालते. पण मनाईचा तो कागद ओटीपर्यंत पोचला नाही तर काय होईल ते सांगायला नको. अशा नोटिशीत स्टोअरचं काम शून्य असतं, ओटीचं सगळं.

कारण कोणतं दिलंय तेही नीट वाचा, पुढचं सगळं त्यावर ठरतं. या वस्तू दोन्ही बाजूंनी चुकू शकतात. रक्त थांबत नाही हा एक दोष. नको तिथे, नको तितकं थांबवतात हा दुसरा. झिओलाइटचे दाणे असलेली जुनी क्विकक्लॉट पाण्याशी संपर्क आल्यावर इतकी तापायची की भाजल्याच्या जखमा व्हायच्या. पुढे तिच्या जागी केओलिन लावलेली गॉज आली. वूंडस्टॅट नावाची पावडर अमेरिकी लष्कराने २००८ मध्ये घेतली आणि थोड्याच काळात थांबवली, कारण प्राण्यांवरच्या अभ्यासात ती रक्तवाहिनीत शिरून गुठळ्या करत असल्याचं दिसलं. विरघळणाऱ्या जाळीबद्दल अमेरिकेच्या एफडीएने २००४ मध्ये इशारा दिला होता की मणक्याजवळच्या हाडाच्या अरुंद जागेत ती तशीच ठेवली तर फुगून मज्जारज्जूवर दाब येऊ शकतो, अर्धांगवायूपर्यंत. यात वस्तू खराब नव्हती, ती ठेवून येणं खराब होतं.

आणि आकडा हवा असेल तर स्टेपलरचा घ्या. जानेवारी २०११ ते मार्च २०१८ या काळात अमेरिकेच्या एफडीएकडे स्टेपलर आणि त्यांच्या टाक्यांबद्दल ४१,००० हून जास्त अहवाल आले, त्यांत ३६६ मृत्यू आणि ९,००० हून जास्त गंभीर इजा. प्रत्येक मृत्यू स्टेपलरनेच झाला असं यातून सिद्ध होत नाही. पण 'आमच्या सर्जनना कधी प्रॉब्लेम आला नाही' हे वाक्य ऐकलं की मला तो आकडा आठवतो.

लेबल वाचणं

आता खोकं हातात घ्या, चष्मा लावा. लॉट नंबर 'लॉट' असं लिहिलेल्या छोट्या चौकटीशेजारी असतो. शेजारी वाळूच्या घड्याळाचं चित्र म्हणजे मुदत, कारखान्याच्या चित्राशेजारी तारीख असेल तर ती उत्पादनाची. 'आरईएफ' म्हणजे कॅटलॉग नंबर, साइज बदलली की तो बदलतो.

बारकोडखाली लांबलचक आकडा असतो, त्यात कंस असतात. कंसात ०१ च्या पुढचे चौदा आकडे म्हणजे ती वस्तू. १७ च्या पुढचे सहा म्हणजे मुदत, आधी वर्ष, मग महिना, मग दिवस. २७०६०० असं दिसलं तर जून २०२७ ची अखेर, शून्य तारीख ही चूक नव्हे. १० च्या पुढे लॉट. २१ च्या पुढे सीरियल नंबर, तो मशीनला असतो. एवढं माहीत असलं की फाटलेल्या पाकिटावरूनही लॉट काढता येतो. बाहेरच्या खोक्याचा आणि आतल्या पाकिटाचा चौदा आकड्यांचा नंबर वेगळा असू शकतो, त्यावरून गोंधळू नका. जुळवायचा लॉट.

वाचताना दोघं असावेत. एकाने मोठ्याने वाचायचं, दुसऱ्याने यादीवर टिक करायची. इंग्रजी ओ आणि शून्य, बी आणि आठ, आय आणि एक यांत आमची दोनदा चूक झाली, तीही दिवसाउजेडी. वॉर्डातल्या मामांना पाठवून 'असलं पाकीट असेल तर घेऊन या' म्हणू नका. ते आणतात, पण कुठून आणलं ते विसरतात, आणि ती जागा रिकामी राहिली हे कुणालाच कळत नाही.

शोध

हिशेब उलट्या बाजूने करायचा. खरेदी, वजा हाताशी असलेला साठा, वजा रुग्णांना लागलेला. उरेल तो आकडा शून्य होईपर्यंत शोध संपला असं म्हणायचं नाही.

आमच्या आठांपैकी कॅज्युअल्टीच्या ड्रॉवरमध्ये दोन मिळाल्या. लेबर रूमच्या ट्रेमध्ये दोन. ॲम्ब्युलन्समध्ये एक, ड्रायव्हरच्या मागच्या जाळीत, उन्हाने पाकिटाचा रंग उडालेला. डायलिसिसमध्ये एक. सर्जनना फोन केला तर ते कोपरीच्या पुलावर ट्रॅफिकमध्ये अडकलेले होते, तिथेच बॅग उघडून म्हणाले, 'आहे एक, नंबर सांगू?' सात झाल्या.

शोधाचा क्रम धोक्याप्रमाणे ठेवा. जिथे वस्तू आज रात्री वापरली जाण्याची शक्यता जास्त, तिथे आधी. म्हणजे कॅज्युअल्टी, लेबर रूम, ॲम्ब्युलन्स, मग ओटी, शेवटी स्टोअर. बहुतेक जण स्टोअरपासून सुरुवात करतात कारण तिथे माल नीट मांडलेला असतो. कुलपातला माल सोमवारपर्यंत कुणाला त्रास देत नाही.

उचलण्याआधी बदली

हा भाग घाईत वाचू नका. बाकीच्या रिकॉलमध्ये दिसलं की उचलायचं. इथे थांबायचं आणि विचारायचं, हे उचललं तर रात्री दोन वाजता रक्त वाहणाऱ्या बाईसाठी या ट्रेमध्ये काय असेल?

त्या शनिवारी लेबर रूमच्या सिस्टर माझ्यावर जवळजवळ ओरडल्या. 'तू घेऊन जा, पण मला हातात काहीतरी दे. आज दोन सिझर आहेत.' त्यांचं बरोबर होतं. निर्णय स्टोअरचा नाही, डॉक्टरांचा आहे, आणि तो लेखी घ्यायचा. दोष कोणता, पर्याय कोणता, पर्याय येईपर्यंत काय. बलून परत जाणार असेल तर दुसऱ्या कंपनीचा बलून आहे का? नसेल तर कॅथेटरला कंडोम बांधून सलाइनने फुगवायचा संच तयार ठेवायचा का? ढाक्याच्या डॉ. सायेबा अख्तर यांनी रूढ केलेली ती पद्धत आपल्या सरकारी दवाखान्यांतल्या कितीतरी सिस्टरांना पाठ आहे. टूर्निकेचं मशीन बंद करायचं असेल तर उद्याची गुडघ्याची केस पुढे ढकलायची का? आणि तोवर काय, याचं उत्तर अनेकदा साधं असतं. गॉज आणि दोन हातांचा दाब. त्याचा रिकॉल अजून कुणी काढलेला नाही.

क्वचित असंही ठरू शकतं की पर्याय येईपर्यंत संशयित वस्तू अगदी शेवटचा उपाय म्हणून एका जागी ठेवायची. तो निर्णय वैद्यकीय प्रमुखांच्या सहीने, कारणासह आणि किती तासांसाठी ते लिहूनच. तोंडी नाही.

मग उचललेला माल वेगळा ठेवा. कुलूप लागेल अशा कपाटात, लाल चिकटपट्टी लावलेल्या खोक्यात, वर कागद: वस्तू, लॉट, नग, कुठून आणले, कधी, कुणी. हे पिवळ्या किंवा लाल पिशवीत टाकायचं नाही. एकदा जैववैद्यकीय कचऱ्याच्या गाडीत गेलं की तुमच्याकडे पुरावाही नाही आणि परतावाही नाही. एका ठिकाणी रात्रपाळीच्या मावशींनी असं खोकं 'एक्सपायरीचं असेल' म्हणून नीट आवरून टाकलं होतं. त्यांची चूक नाही, कागद लावला नव्हता.

कंपनीला उत्तर

नोटिशीबरोबर उत्तराचा फॉर्म असतो. साठा शून्य असला तरी तो भरून पाठवा, नाहीतर तुमचं नाव 'प्रतिसाद नाही' या यादीत राहतं आणि फोन येत राहतात. माल परत करताना चलानवर लॉट आणि नग लिहून घ्या आणि डीलरची सही घ्या. डीलर सांगतील, 'मॅडम, द्या तुम्ही, पुढच्या बिलात ॲडजस्ट करतो.' करू नका. रिकॉलचा माल रिकॉल म्हणूनच परत गेला पाहिजे, 'जादा माल परत' म्हणून गेला तर तो भिवंडीच्या गोडाऊनमधून दुसऱ्या कुणाकडे जाणार नाही याची काय खात्री?

कायद्याची बाजू थोडक्यात. वैद्यकीय उपकरण नियमांतल्या नियम ८९ प्रमाणे, उपकरण धोकादायक असू शकतं असं वाटण्याजोगं कारण मिळाल्यावर ते बाजारातून मागे घ्यायला लगेच सुरुवात करणं आणि अधिकाऱ्यांना कारणासह कळवणं ही उत्पादकाची किंवा अधिकृत एजंटची जबाबदारी आहे. १ एप्रिल २०२० पासून सगळीच वैद्यकीय उपकरणं कायद्याच्या कक्षेत आली आहेत, त्यामुळे 'ही साधी पट्टी आहे, औषध थोडंच आहे' हा युक्तिवाद चालत नाही. विक्रेत्याला एमडी-४२ नोंदणी लागते आणि त्याने खरेदीविक्रीची नोंद बॅच किंवा लॉट नंबरसह ठेवणं अपेक्षित आहे. आमच्या एका खेपेच्या चलानवर लॉट नव्हता. मी सही करून घेतलं होतं. त्यात माझीही चूक आहे.

ज्यांना लागलं त्यांना सांगणं

कुणाला फोन करायचा हे वस्तूवर अवलंबून आहे. मनगटाचा पट्टा काही तासांत निघतो, नंतर काही झालं नसेल तर विषय संपतो. क्लिपा आणि स्टेपलरचे टाके आयुष्यभर आत राहतात. विरघळणारी जाळी काही आठवड्यांत जाते. निर्जंतुकपणाचा प्रश्न असेल तर जखमेवर लक्ष ठेवायचं. हे सगळं डॉक्टर ठरवतील. आपण यादी द्यायची.

ती यादी देता येत नाही, हीच अडचण. सापडलेल्या वीस पट्ट्यांपैकी नऊ त्या लॉटच्या निघाल्या. दोन दिवसांनी डीलरने सांगितलं, त्या लॉटची दहा-दहाची दोन खोकी, म्हणजे वीस, आमच्याकडे आली होती. उरलेल्या अकरा (न सापडलेली एक त्यांतलीच असेल तर दहा) कुणाला लागल्या हे कळायला मार्गच नव्हता, कारण केस पेपरवर फक्त 'हिमोस्टॅट १', म्हणजे रक्त थांबवणारी वस्तू एक, असं लिहिलं होतं. अकरांसाठी एकोणीस फोन करावे लागले.

याचं सगळ्यात वाईट उदाहरण आपल्या देशाने पाहिलंय, वस्तू वेगळी असली तरी. जॉन्सन अँड जॉन्सनचं एएसआर खुब्याचं इम्प्लांट २०१० मध्ये जगभर मागे घेतलं गेलं. भारतात ते सुमारे ४,७०० शस्त्रक्रियांत बसवलं गेलं होतं आणि पुढे नेमलेल्या तज्ज्ञ समितीच्या अहवालात सुमारे ३,६०० रुग्णांचा पत्ताच लागत नसल्याचं आलं.

फोन करताना पहिलं वाक्य 'घाबरू नका' हे नसावं. ते ऐकल्यावर माणूस घाबरतोच. आम्ही असं बोललो:

'नमस्कार, मी हॉस्पिटलमधून बोलतेय. जूनमध्ये तुमच्या आईंचं ऑपरेशन झालं होतं ना, त्यात रक्त थांबवायला एक पट्टी वापरली होती. कंपनीने कळवलंय की त्या पट्टीच्या काही पाकिटांचं सील कच्चं असू शकतं. आईंना लागलेली त्यातलीच होती असं नक्की सांगता येत नाही. म्हणून विचारतेय, जखम कशी आहे? ताप, लाली, पू असं काही? उद्या सकाळी दहानंतर डॉक्टरांना दाखवून जा. या तपासणीचे पैसे घेणार नाही.'

एका काकांनी शांतपणे सगळं ऐकलं आणि विचारलं, 'त्या पट्टीचे पैसे बिलात लावले होते ना?' लावले होते. परत दिले. फोन कधी केला, कोण बोललं, काय उत्तर आलं, हे प्रत्येक फोनसमोर लिहा. दोनदा उचलला नाही तर पत्र पाठवा.

तुमच्याच हातात बिघडलं तर

रिकॉलची सुरुवात कुठेतरी कुणाच्या तरी हातात होते, ती तुमच्याकडेही होऊ शकते. क्लिप सुटली, स्टेपलर अर्धाच चालला, बलून फुटला. रुग्ण सुखरूप झाला की तिथेच थांबायचं: वस्तू, पाकीट, खोकं काहीही टाकायचं नाही. रक्त लागलेली वस्तू बंद डब्यात, जैविक धोक्याचं लेबल लावून, लॉटसह. फोटो आधी. कंपनीचा माणूस 'तपासायला नेतो' म्हणून लगेच येतो, पोचपावतीशिवाय देऊ नका.

मग कळवा. देशात उपकरणांच्या दुष्परिणामांवर नजर ठेवणारा मटेरिओव्हिजिलन्स कार्यक्रम जुलै २०१५ मध्ये सुरू झाला. त्याचं काम गाझियाबादच्या इंडियन फार्माकोपिया कमिशनमधून चालतं. उपकरणाच्या दुष्परिणामाचा फॉर्म डॉक्टर, नर्स, टेक्निशियन, रुग्ण, कुणीही भरू शकतो. टोल-फ्री नंबर १८००-१८०-३०२४. राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाचा १८००-२२२-३६५. दोष उपकरणाचाच होता हे सिद्ध करायची गरज नाही, शंका पुरते. परवानाधारक कंपनीला अनपेक्षित गंभीर घटना कळल्यापासून १५ दिवसांत नियामकाला सांगावं लागतं, म्हणून कंपनीला ईमेलने कळवा, तारीख राहते. आपल्याकडे 'आपलंच नाव खराब होईल' म्हणून हा फॉर्म भरला जात नाही. माझ्या मते नाव खराब होण्याची खरी वेळ येते ती दुसऱ्यांदा तेच झाल्यावर.

घरी आणि सोसायटीत

घोडबंदर रोडवरच्या आमच्या सोसायटीने सिक्युरिटी केबिनसाठी ऑनलाइन दोन टूर्निके मागवली होती. ड्रिलच्या दिवशी मी एक स्वतःच्या मांडीवर बांधून दांडी पिळली. तिसऱ्या पिळ्याला दांडी वाकली. सैन्यात वापरतात त्या टूर्निकेच्या नकला बाजारात भरपूर आहेत आणि नकलेचा रिकॉल कुणी काढत नाही, कारण ती कुणी बनवली हेच खोक्यावर नसतं. उत्पादकाचं नाव, लॉट, भारतातला परवाना नंबर यांपैकी काही नसेल तर घेऊ नका. सरावाला वापरलेलं टूर्निके परत पेटीत ठेवू नका, ते सरावालाच राहू द्या. आणि गार्डना आधी दाबून धरायला शिकवा.

हृदयाची झडप बदललेले, रक्त पातळ करायच्या गोळ्या घेणारे काही जण घरीच आयएनआर, म्हणजे रक्त किती पातळ आहे तो आकडा, मोजतात. २०१८ मध्ये रोशच्या कोआगूचेक एक्सएस या आयएनआर मोजायच्या पट्ट्यांचे काही लॉट परत मागवले गेले, कारण आयएनआर खऱ्यापेक्षा जास्त दाखवत होते. आकडा जास्त दिसला की गोळी कमी केली जाते आणि गुठळीचा धोका वाढतो. अशा पट्टीच्या डबीचा फोटो दर नव्या डबीच्या वेळी काढून ठेवा. मशीन आणि लॅब यांत मोठा फरक आला तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोळी बदलू नका.

आता आमच्याकडे काय बदललं

पाकिटावर सोलून काढता येणारं लॉटचं स्टिकर असतं. ते आता केस पेपरवर चिकटतं, ओटी नोटच्या शेजारी. स्टिकर नसेल तर पाकिटाचा तो तुकडा कापून चिकटवायचा. पहिला महिनाभर सिस्टरांनी कुरकुर केली, मग एनएबीएचची (हॉस्पिटलांना मानांकन देणाऱ्या संस्थेची) तपासणी आली आणि तपासनीस बाईंनी नेमका तोच केस पेपर उचलला, तेव्हापासून कुरकुर बंद. लॉट नसलेल्या चलानवर मी सही करत नाही, माल गेटवर राहिला तरी. रिकॉलसाठी वेगळा ईमेल आहे, तो तिघांच्या फोनवर उघडतो, म्हणजे माझी सुट्टी असली तरी कुणीतरी वाचतं. व्हिजिटिंग डॉक्टरांच्या बॅगेत जाणाऱ्या वस्तूसाठी वही आहे, सही करून न्यायची. सर्जन हसले, पण सही करतात.

आठवी पट्टी सापडली नाही. दोनदा सगळे ड्रॉवर काढले, ॲम्ब्युलन्सची सीट उचलली, लिनन रूमसुद्धा बघितली. कंपनीच्या फॉर्ममध्ये 'हरवलेले नग' असा रकाना नव्हता, मी खाली हाताने लिहिलं: १, सापडली नाही. त्यावर वैद्यकीय प्रमुखांची सही घेतली आणि रजिस्टरमधली ती ओळ उघडीच ठेवली आहे.